तबीथामावशीची मुदत

"हे घ्या," असं म्हणून पाळकसाहेबांनी मंडळीचा शंभर वर्षांचा इतिहास माझ्या मांडीवर टाकला. त्यातून एक झुरळ निघालं आणि सरळ वेदीच्या दिशेनं चालू लागलं.

"हाही सभासद आहे का?" मी विचारलं.

"वर्गणी देत नाही, पण हजेरी नियमित आहे," पाळक दानियेल सोनटक्के म्हणाले. तीन वर्षांपूर्वी बेलदरीला बदलून आले तेव्हा ते विनोद करत नसत. गावाची हवा लागते.

इतिहास म्हणजे पंचांच्या सभांच्या इतिवृत्ताच्या चार जाड वह्या. पहिल्या दोन स्वीडिश भाषेत, म्हणजे सुरक्षित. उरलेल्या दोन मराठीत. एकोणीसशे एकोणनव्वदचा नोव्हेंबर होता. तीन डिसेंबरला, म्हणजे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, आमच्या लूथरन मंडळीला शंभर वर्षं पुरी होत होती आणि त्या दिवशी स्मरणिका निघायची होती. तिच्यातला इतिहास मी लिहावा असं पंचांनी एकमतानं ठरवलं, कारण ज्याचं काही छापून आलंय असा मंडळीत मी एकटाच. नागपूरच्या एका दैनिकात दर रविवारी माझा विनोदी मजकूर येत असे. एकमत झालं याचं खरं कारण एवढंच, की तो कुणी वाचलेला नव्हता.

बेलदरी सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्यांच्या बागा, आठवडी बाजार, छोट्या लाइनीचं स्टेशन, आणि या सगळ्यात स्वीडनहून आलेल्या साहेबांनी बांधलेलं हे देऊळ. बर्फ घसरून पडावा म्हणून छप्पर इतकं उतरतं ठेवलंय की कौलं बदलायला माणूस मिळत नाही. शंभर वर्षांत बेलदरीत बर्फ पडला तो फक्त लग्नाच्या सरबतात. शिखरावर त्यांच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे लोखंडी कोंबडा बसवलाय. त्यामुळे गाव त्याला कोंबड्याचं देऊळ म्हणतं, आणि परगावचा एखादा भाविक नवसाचा कोंबडा काखेत घेऊन चौकशी करत येतो.

"जुन्या माणसांपैकी कोण उरलंय?" मी विचारलं.

"दोघंच. एक तुमचे वडील, दुसरी तबीथामावशी."

माझे वडील गुस्तावराव मेंढे. बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबानं स्वतःच्या बापाचं नाव त्यांना देऊन टाकलं होतं. मिशन शाळेचे हेडमास्तर आणि पंधरा वर्षं मंडळीचे चिटणीस. त्यांनी कधी कुणाची फी बुडू दिली नाही आणि कुणाचं व्याकरणही. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावात ते गुरुजी.

तबीथामावशी बोरकुटे ही प्रभुभोजनाची भाकर भाजणारी. आमच्याकडे वर्षातून चार वेळा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची पंगत असते. त्यासाठी लागतात त्या कागदासारख्या पातळ, रुपयाएवढ्या चकत्या स्वीडनहून आलेल्या लोखंडी साच्यात भाजाव्या लागतात, आणि ती कला मिशनच्या एका मिसबाईनं स्वदेशी जाताना मावशीच्या हातात ठेवली होती. चाळीस वर्षं आमच्या जिभेवर पडलेली प्रत्येक चकती मावशीच्या हातची. पण ती स्वतः ती खात नसे. सगळे रांगेनं वेदीपाशी जात, कठड्याशी गुडघे टेकत. मावशी शेवटच्या बाकावर हात जोडून बसून राही. ती शिस्तीखाली होती.

शिस्त म्हणजे अशी. कुणाच्या हातून मोठा प्रमाद घडला तर पंच त्याला काही मुदतीसाठी प्रभुभोजनापासून दूर ठेवतात. मुदत संपली की चिटणीस भर उपासनेत तसा ठराव वाचतो, पाळक पुढे येऊन उजवा हात देतात आणि माणूस पुन्हा पंक्तीला बसतो. ठराव वाचला गेला नाही तर शिस्त उठत नाही. साधारण तीन महिने, सहा महिने. कबरस्थानात दारू पिऊन लावणी म्हणणाऱ्या शांतवन टांगेवाल्याला चार महिने पडले होते, आणि श्रोत्यांनी तक्रार केली नव्हती हे जमेस धरून.

"मावशीची मुदत किती होती?" मी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. मी आलो तेव्हा लोक म्हणाले, ती शिस्तीखाली आहे. कधीपासून विचारलं तर म्हणाले, पहिल्यापासून."

"आणि तिच्या हातची भाकर चालते?"

"नियमात खायची बंदी आहे, भाजायची नाही," पाळकसाहेब खाली बघत म्हणाले. "मी आल्या आल्या पाहून घेतलं."

*

मावशीचं घर मिशनच्या आवारामागे, दोन खोल्यांचं. दुपारी गेलो तर ती अंगणात चुलीपुढे बसली होती. लांब दांड्यांचा साचा निखाऱ्यांवर धरलेला.

"सलाम, मावशी."

"सलाम. कोन, गुर्जीचा जयवंता का? बस न. पाटावर बस, परातीत नको बसू."

"शंभरीचं पुस्तक काढतोय. तुमची माहिती हवी होती."

"माही कायची माहिती? मैदा अन् पानी. मीठ नाई. झाली माहिती." तिनं साचा उलटला. "शंभरीले दोनशे मानूस येनार म्हणते. आतापासून भाजून डब्यात भरून ठेवून राहिली. बिशपसाहेबाचे दात कसे हायेत?"

"मी पाहिले नाहीत."

"पाहून सांग. दात नसन तं अजून पातळ करतो."

साचा उघडला की आतून पांढरा पापुद्रा निघे, त्यावर चार क्रूस उमटलेले. त्यातून ती गोल चकत्या कापून काढी आणि उरलेले काठ ताटलीत टाकी. लहानपणी ते काठ खायला आम्ही मिशनची सगळी पोरं या अंगणात जमायचो. तिनं ताटली माझ्यापुढे सरकवली.

"घे. काठ हाय. याले काई पावित्र्य नाई."

मी खाल्ले. मग विचारलं, "मावशी, तुम्ही शिस्तीत कशा आलात?"

"पुस्तकात लिवाचं हाय का?"

"नाही. मला माहीत नाही म्हणून."

"तुले कसं माईत असन? तू एवढासा होतास." तिनं पळीभर पीठ साच्यात ओतलं आणि साचा मिटला. "माहा आमोस सहा वर्षांचा होता. पन्नास सालचा भादवा. ताप उतरेचना. सोनसनसाहेबानं गोळ्या देल्ल्या, मिसबाईनं उशाशी बसून प्रार्थना केली. बारावा दिवस लागला. मालक तवा कोळशाच्या खानीत कामाले. शेजारची म्हणे, नाल्यापाशी मरीमायचं ठानं हाय, तिच्या पायावर घाल. नेला. घातला. लिंबू ठेवलं. तिसऱ्या दिवशी गेला."

तिनं साचा उलटला.

"साहेबानं मातीच्या वक्तीच सांगतलं सर्व्यायपुढं. म्हणे, देवाच्या हातातून काढून लेकरू दगडापाशी नेलं, म्हून गेलं. खरंच हाय ते. मी नेलं नसतं तं जगला असता."

मैद्यात मीठ घालायचं नाही हे तिनं ज्या आवाजात सांगितलं होतं त्याच आवाजात हेही सांगितलं. लिहायला काढलेली वही मी मिटून ठेवली.

"मग मुदत किती दिली?"

"ते कुठं सांगतलं! म्हणे पश्चात्ताप पुरा झाला का पंच ठरवतीन, अन् चिटनीस वाचून दाखवीन. एक डाव ईस्टरले साहेबानं मले पुढच्या बाकावर बसाले सांगतलं होतं. मी पांढरं लुगडं नेसून गेली. काईच नाई झालं. मंग मागं जाऊन बसली." साचा उघडून तिनं पापुद्रा सोडवला. "पंचायनं मन बदललं असन. माहा पश्चात्ताप कमी पडत असन."

"एकोणचाळीस वर्षं?"

"कमी तं कमी." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू जुनी पुस्तकं उलटून राहिला न? माही मुदत लिवली असन कुठं तं पाय. शंभरीच्या दिवशी एक डाव पंक्तीले बसाव वाटते. सदुसष्ट झाली मले. वर गेल्यावर आमोस विचारीन, मा, त्यायनं तुले वापस घेतलं का? काय सांगू त्याले?"

*

दुसऱ्याच दिवशी मला ते सापडलं. शोधावंही लागलं नाही. सुवाच्य, टपोरं अक्षर, चुकीला जागा नाही.

"शनिवार, ता. १६ फेब्रुवारी १९५२. ठराव सातवा. सौ. तबीथा बोरकुटे यांस दीड वर्षापूर्वी शिस्तीखाली ठेवण्यात आले होते. त्यांचा पश्चात्ताप मनापासूनचा आहे अशी पंचांची खात्री झाली आहे. येत्या पुनरुत्थानाच्या रविवारी चिटणिसांनी हा ठराव मंडळीपुढे वाचावा व त्यांस प्रभुभोजनास घ्यावे. एकमताने मंजूर."

पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे ईस्टर. खाली सही. गु. मा. मेंढे, चिटणीस. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच, मेंढेच्या ढेला शेपूट असलेली.

मी पुढची पानं उलटली. मे महिन्यात स्वानसनसाहेब, म्हणजे मावशीचे सोनसनसाहेब, रजेवर स्वदेशी रवाना, त्यांना निरोप, चहा व शेव. मग कौलं. मग हार्मोनियमच्या भात्यात उंदीर. उंदरावर दोन सभा झाल्या होत्या. तबीथा बोरकुटे हे नाव पुन्हा कुठंच नव्हतं.

घरी आलो तेव्हा दादा अंगणात खुर्ची टाकून संत्रं सोलत होते. सत्त्याहत्तर वर्षांचे. साल अखंड निघाली पाहिजे हा त्यांचा नेम.

"दादा, बावन्न सालच्या इतिवृत्तात एक ठराव आहे."

"पान एकशे बारा," दादा म्हणाले.

मी पान सांगितलं नव्हतं. ठराव कुठला तेही नाही.

"तो वाचला का नाही?"

"राहून गेला."

"सदतीस वर्षं?"

"पहिल्या वेळी राहून गेला. मग साहेब स्वीडनला गेले ते परत आलेच नाहीत. नवे साहेब आले, त्यांना कुणीतरी सांगितलं, ही बाई शिस्तीखाली आहे. मी गप्प बसलो. पुढे दर प्रभुभोजनाला वाटायचं, आज वाचावा. पण वाचला तर लोक विचारणार, आधी का नाही वाचला? जितका उशीर होत गेला तितकं ते उत्तर मोठं होत गेलं."

ही गोष्ट एखाद्या तहसील कचेरीत घडली असती तर मी तिच्यावर दोन रविवार काढले असते. संत्र्याची साल मध्येच तुटली होती आणि दादांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"दादा, ती म्हणते तिचा पश्चात्ताप कमी पडला असेल."

दादांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"तीन तारखेला वाचायचा. तुम्ही नाही तर मी वाचीन."

"माझंच काम आहे ते," दादा उठले. "पण आधी तिच्या घरी. तिला दोनशे माणसांत पहिल्यांदा ऐकायला लावायचं नाही. वही आण."

दुपारचे तीन वाजले होते. दादांनी आत जाऊन काळा कोट घातला. तो कोट ते फक्त प्रभुभोजनाला आणि मयतीला घालत.

*

आम्हाला बघून मावशी चुलीपुढून उठली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

"गुर्जी? तुमी? माह्या घरी?"

"बसा तुम्ही, तबीथाबाई."

ती बसली नाही. दादाही नाही. दादांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि वर्गात धडा वाचावा तसा ठराव पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. सहीसकट.

"तारीख काय म्हणले?"

"सोळा फेब्रुवारी, एकोणीसशे बावन्न."

"मनापासूनचा म्हून लिवलं हाय?"

"हो."

"म्हंजे कमी नव्हता पडला."

"नव्हता."

तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं, झालं. आता ती रडेल, दादा माफी मागतील, आणि रविवारी सगळं गोड होईल. स्मरणिकेचं शेवटचं पान माझ्या डोळ्यांपुढे तयारसुद्धा झालं होतं.

"मंग वाचलं काऊन नाई?" मावशीनं विचारलं.

राहून गेलं, असं दादा म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. दादांनी वही मिटली.

"त्या ईस्टरच्या आठवड्यात याला ताप होता," त्यांनी माझ्याकडे हात केला. "पाच वर्षांचा होता. अकरा दिवस उतरला नाही. याची आई रडत होती, पण न्या असं तिनं सांगितलं नाही. मीच केलं. उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, सगळी मंडळी देवळात असताना याला चादरीत गुंडाळला आणि नाल्यापाशी नेला. त्याच ठाण्यावर घातला. लिंबू ठेवलं. शनिवारी ताप उतरला."

मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि हे पहिल्यांदा ऐकत होतो.

"रविवारी तुमचा ठराव वाचायचा होता. मी वही घेऊन देवळाच्या पायरीपर्यंत आलो. दारातून तुम्ही दिसलात. पुढच्या बाकावर, पांढऱ्या लुगड्यात. मला आत पाऊल टाकता आलं नाही. तुमच्यापुढे उभं राहून तुमचं पाप वाचायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मुलाच्या आजाराचा निरोप पाठवला आणि घरी गेलो. साहेब म्हणाले, मग पुढच्या वेळी."

मावशी माझ्याकडे वळली. माझं सुटलेलं पोट, खिशाचं पेन, पायातल्या चपला, असं सगळं तिनं सावकाश पाहिलं.

"याले नेलं होतं?"

"याला."

"ठान्यावर?"

"हो."

"अन् हा जगला."

"हो."

ती खाली बसली. निखाऱ्यांवरचा साचा तसाच राहिला होता. आतलं पीठ करपून काळा धूर यायला लागला. तिघांपैकी कुणी हललं नाही.

"गुर्जी," ती म्हणाली, "भाकरीचं काई नाई. लोक उपाशी मरतेत, मी तं नुसती एका चकतीवाचून बसली. पन मले साहेबानं सांगतलं, तू नेलं म्हून मेला. मी मानलं. रोज सकाळी उठून मानलं. माह्या हातानं माहं लेकरू मारलं म्हून. मालक खानीतून आला, त्यानंही तेच मानलं, अन् निघून गेला. अन् हा पोट्टा इथं माह्या अंगनात येऊन काठ खाये. रोज. तुमाले ठाऊक होतं, नेल्यानं मरत नाई. तुमच्या घरात चालून राहिलं होतं ते, दोन पायावर. एक डाव तुमी यावं, अन् म्हनावं, तबीथा, ताप होता तो. नुसता ताप. कोनाले न सांगता म्हनलं असतं तरी चाललं असतं मले."

दादांनी चष्मा काढला.

"मला माफ करा, तबीथाबाई."

"जा गुर्जी. घरी जा."

दादा निघाले. मीही उठलो.

"तू थांब," मावशी म्हणाली. तिनं पदरानं धरून साचा खाली उतरवला, उघडला आणि करपलेला पापुद्रा चुलीत टाकला. "तुह्या पुस्तकात लिव. आमोस बोरकुटे. सहा वर्षांचा. तापानं गेला. तेवढंच लिव. दुसरं काई नको."

*

तेवढंच लिहिलं. मुद्रितं पाहताना एका पंचांनी विचारलं, मंडळीच्या इतिहासात या मुलाचं काय काम? मी म्हणालो, तुम्ही हार्मोनियममधल्या उंदराला हरकत घेतली नाहीत. ओळ राहिली.

तीन डिसेंबरला देऊळ भरून बाहेर मांडवात माणसं बसली. बिशपसाहेब आले होते, दात शाबूत होते. गीतं झाली, प्रवचन झालं, आणि प्रभुभोजनाआधी दादा काळ्या कोटात वेदीपुढे उभे राहिले. ठराव वाचला. मग वही मिटून, आवाज न चढवता, बावन्न सालच्या उत्तम शुक्रवारचं सगळं सांगितलं. नाला, चादर, लिंबू. "हा ठराव मी सदतीस वर्षं वाचला नाही. दोष सर्वस्वी माझा आहे," एवढं म्हणून ते बाजूला झाले. मांडवात एक तान्हं मूल रडत होतं, तेवढाच आवाज.

पाळकसाहेब उजवा हात पुढे करून वेदीपुढे थांबले. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेवटच्या बाकावरून कुणी उठलं नाही.

पाळकसाहेब खाली उतरले आणि मधल्या वाटेनं तिच्यापाशी गेले. मी वाटेपलीकडच्या शेजारच्याच बाकावर होतो.

"मावशी, चला. ठराव वाचला."

"ऐकला."

"मग उठा ना. सगळे थांबलेत."

"कशी येऊ? गुर्जीवर राग हाय माहा. लय राग हाय. भावावर राग ठेवून पंक्तीले येऊ नाई, असं तुमीच सांगता न दर वेळी?"

"मावशी, आजचा दिवस... देव समजून घेईल."

"तो घेईन. मले नाई जमून राहिलं." तिचा आवाज खाली होता आणि अजिबात थरथरत नव्हता. "पयले पाप नसून बसली, साहेब. आता हाय. आता तरी नियमानं बसू द्या."

पाळकसाहेबांचा हात तसाच पुढे होता. तो परत कसा घ्यावा हे आमच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. शेवटी तिनंच तो दोन्ही हातांत धरला, थोपटला आणि सोडून दिला.

दोनशे माणसांनी प्रभुभोजन घेतलं. मीही घेतलं. दादा गेले नाहीत. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर वेदीपासून मागे फिरावं, आधी त्याच्याशी समेट करावा, हेही शास्त्रात आहे, आणि दादा शास्त्र गाळून वाचणारे नव्हते. पुरुषांच्या बाजूला ते, बायकांच्या बाजूला ती. बाकी सगळी बाकं रिकामी झाली, भरली. चकत्या नेहमीसारख्या उत्तम झाल्या होत्या.

दुपारी स्मरणिका घेऊन मी मावशीकडे गेलो. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ते बोट तिनं ओळीच्या शेवटापर्यंत नेलं आणि परत पहिल्या अक्षरावर आणलं.

"हे आमोस?"

"हो."

"अन् हे?"

"ताप."

*

त्यानंतर दादा चौदा महिने जगले. त्यात चार प्रभुभोजनं झाली. चारही वेळा ते दोघं बसून राहिले. मधून दादा काळा कोट घालून तिच्या घरी जात. ती पाट देई, तांब्याभर पाणी देई. दादा पाणी पीत, थोडा वेळ बसत आणि उठून येत. काय बोललात विचारलं तर म्हणत, "काही नाही. बोलण्यासारखं मी सगळं बोललोय. आता तिची पाळी आहे."

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत दादा गेले. कबरस्थानात मावशी आली, रांगेत उभी राहिली, आपली पाळी आली तशी मूठभर माती टाकून निघून गेली.

ईस्टरला प्रभुभोजन होतं. बायकांची रांग संपत आली आणि पाळकसाहेब ताट घेऊन मागे वळणार, एवढ्यात मावशी उठली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही वाचलं नव्हतं. काठी टेकत ती कठड्यापर्यंत गेली आणि दोघींच्या आधारानं गुडघ्यांवर बसली. पाळकसाहेबांनी चकती पुढे केली. तिनं ती घेतली, आणि परत येऊन वाटेपलीकडे, माझ्या शेजारच्या बाकावर बसली.

मी मान वळवली. ती अजून तोंड हलवत होती.

"मावशी," मी हळूच विचारलं, "दादांना माफ केलंत?"

"नाई," ती म्हणाली. घास गिळला, पदरानं ओठ पुसले. "पन आता भांडाव कोनासंग?"